मार्गी आकृती, देशी हात

फिनलंड स्वीडनच्या अमलाखाली असताना, १७६३ ते १७६५ या काळात, पेतॅयॅवेसी या खेड्यात लूथरपंथीयांचे ओंडक्यांचे चर्च उभे राहिले. याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पॅनेन हा त्याचा कर्ता. १८२१ मध्ये त्याचा नातू एर्क्की याने त्यास घंटाघराची जोड दिली.

चर्चचे क्रुसाकृती तलविधान प्रबोधनकालीन केंद्रवर्ती कल्पनेतून आले आहे. कमानदार छताचे मूळ गॉथिक परंपरेत आहे. दगडात घडलेल्या या आकृती येथे लाकडात उतरल्या. यास अनुकरण म्हणावे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते, नाही. दगडी कमान दगडांच्या परस्पर दाबावर तोलली जाते; लाकडी छताला त्या दाबाची गरज नसते. गरज उरली नसताही आकृती राखणे ही निवड होय, आणि निवडीत निर्मिती असते.

१८७९ मध्ये गावात नवे चर्च झाले आणि जुने वापरातून गेले. या उपेक्षेमुळेच पुढील काळातील फेरबदलांपासून ते बचावले. १९९४ मध्ये त्याची गणना जागतिक वारशात झाली.

मार्गी व देशी परंपरांच्या अभ्यासात आपण बहुधा आकृतीचा उगम शोधून थांबतो. ती ज्या माध्यमात उतरली, त्या माध्यमाने तिचे काय केले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.