भरवसा कशावर ठेवायचा?
(एका फुटबॉल संघाचा आणि त्याच्या प्रेक्षकांचा अभ्यास)

फुटबॉल म्हटले की महाराष्ट्रात प्रथम कोल्हापूरचे नाव निघते, आणि मग शेजारच्या गोव्याचे. चिपळूण तालुक्याचे नाव या संदर्भात कोणी घेणार नाही. आमच्या पोफळीत हा पावसाळी खेळ आहे. लावणी उरकली की ओल्या मैदानावर मुले चेंडू लाथाडतात आणि दसरा उलटला की पुन्हा स्टंप बाहेर निघतात. तेव्हा पोफळीच्या विद्यार्थ्याने फुटबॉलवर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु हा लेख खेळाच्या नियमांविषयी नाही. एखाद्या शिकवणाऱ्यावर माणसांचा विश्वास कसा बसतो आणि कशाने वाढतो, हा माझा विषय आहे. त्यासाठी मी मुंबई सिटी हा संघ निवडला, याला कारण माझे धाकटे काका. ते अंधेरीला नोकरी करतात आणि २०२२ पासून तिथल्या क्रीडासंकुलात या संघाचे सामने पाहायला जातात. गणपतीत गावी आले की दोन आरत्यांच्या मधल्या वेळातही त्यांच्या तोंडी हाच विषय असतो.

आपल्या भाषेत श्रद्धा, विश्वास आणि भरवसा असे तीन शब्द आहेत आणि ते एकच नव्हेत. श्रद्धेला पुरावा लागत नाही. विश्वास शब्दावर ठेवता येतो. भरवसा मात्र अनुभवाने येतो. नव्या बैलजोडीवर शेतकरी पहिल्याच नांगरणीला भरवसा टाकत नाही, आधी चार तास कडेची जमीन नांगरून बघतो. फुटबॉलच्या प्रेक्षकांबद्दल ते अंधश्रद्ध असतात असे सर्रास बोलले जाते. मला ते पटत नाही. निदान मुंबई सिटीच्या बाबतीत प्रेक्षकांनी बैलजोडीसारखीच पारख केली असे दिसते.

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी मुंबईच्या मालकांनी नावाजलेली माणसे आणली. फ्रान्सचा आनेल्का, स्वीडनचा ल्युंगबर्ग, पुढे २०१६ मध्ये उरुग्वेचा फोर्लान. पहिल्या वर्षी आठ संघांत सातवा क्रमांक आला. दुसऱ्या वर्षी आनेल्कालाच खेळाडू आणि मॅनेजर अशी दोन्ही कामे दिली, तेव्हा सहावा. (मॅनेजर म्हणजे आपल्याकडच्या प्रशिक्षकाहून थोडा अधिक अधिकाराचा माणूस. कोणाला खेळवायचे, कसे खेळायचे आणि कोणते नवे खेळाडू मागायचे हे तो बघतो.) २०१६ मध्ये आलेक्सान्द्रे गिमाराइश यांच्या हाताखाली संघ गुणतक्त्यात पहिला आला, पण उपान्त्य फेरीत कोलकात्याकडून हरला. पुढल्या हंगामात पुन्हा सातवा. दरवर्षी नवे चेहरे आणि दरवर्षी नवी पद्धत. एवढ्या वर्षांत लोक खेळाडूंच्या सह्या घ्यायला येत होते, संघ बघायला नव्हे. २०१८ मध्ये पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा आले आणि दोन हंगाम टिकले. मला वाटते, बदलाची खरी सुरुवात तिथे झाली, जरी तिचे श्रेय कोस्टांना फारसे कोणी देत नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईच्या संघाचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढल्या वर्षी स्पेनचे सर्जिओ लोबेरा मॅनेजर झाले. लोबेरा त्यापूर्वी गोव्याच्या संघाकडे होते. त्यांनी येताना जाहू, बूमूस, फॉल आणि आपला मंदार राव देसाई असे तिथलेच चार खेळाडू बरोबर आणले. म्हणजे या वेळी नावे विकत घेतली गेली नाहीत, एकमेकांची सवय असलेली माणसे आणली गेली. पहिलाच सामना ०-१ असा हरला. त्यानंतरच्या बारा सामन्यांत हार नाही. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी एटीके मोहन बागानला २-० हरवून दोघांचे सारखे ४० गुण झाले आणि आपसांतील सामन्यांच्या हिशेबावर लीग शील्ड मुंबईला मिळाली. १३ मार्चला फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात त्याच संघाविरुद्ध १-१ बरोबरी असताना ९०व्या मिनिटाला बिपीन सिंगने गोल केला आणि चषकही आला. दैवाचा खेळ असा की हे सारे रिकाम्या मैदानांवर घडले. कोरोनामुळे सगळे सामने गोव्यात, प्रेक्षकांवाचून झाले. मुंबईने सर्वोत्तम फुटबॉल खेळला तेव्हा ते बघायला मुंबईकर नव्हते.

आता माझ्या विषयाचा गाभा येतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये लोबेरा गेले आणि डेस बकिंगहॅम आले. वय ३६, खेळाडू म्हणून मोठे नाव नाही, त्यापूर्वी ऑस्ट्रेलियात मेलबर्न सिटीचे साहाय्यक प्रशिक्षक. पहिल्या सहा सामन्यांत पाच विजय मिळाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्यांत लोबेरांच्या पुण्याईचा वाटा मोठा होता. मग केरळकडून ०-३ अशी हार झाली आणि त्या सामन्यासह सलग सात सामने एकही विजय नाही. ओडिशाने चार गोल केले, बेंगळुरूने तीन. हंगामाच्या शेवटी पाचवा क्रमांक, म्हणजे उपान्त्य फेरीही नाही. गतविजेत्यांची ही गत! असा निकाल लागल्यावर मॅनेजरला घरी पाठवण्याची रीत जगभर आहे.

मी काकांना विचारले, की त्या वेळी तुम्ही काय म्हणत होता? ते म्हणाले, “अरे, हरत होते, पण गडबडत नव्हते.” हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले, कारण माझ्या मते सारा अभ्यास त्यात आहे. गोलरक्षकाने चेंडू लांब भिरकावून न देता जवळच्याला द्यायचा, बचावफळीने तो पायापायांतून वर न्यायचा, कडेच्या खेळाडूंनी रेषेला लागून धावायचे, ही पद्धत जिंकताना होती तशीच हरतानाही राहिली. पुढे काय होणार ते बघणाऱ्याला आधी कळत होते, फक्त ते अजून नीट जमत नव्हते. जमत नसणे आणि ठरलेले नसणे यांतला फरक प्रेक्षकाला समजतो. तज्ज्ञ मंडळी समजतात त्यापेक्षा पुष्कळ लवकर समजतो.

आमच्या पोफळीचे वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीपलीकडून बोगद्यातून येते. रस्त्याने जाणाऱ्याला आत काय चालले आहे ते दिसत नाही. १९६२ मध्ये पहिली वीज निघाली, त्याआधी कित्येक वर्षे नुसते पोखरण्याचे काम चालू होते. माझे आजोबा तिथे मजुरीला होते. आजी सांगते, की गावातले लोक हसायचे, सरकार डोंगर पोखरून उंदीर काढतेय म्हणायचे. आजोबांना मात्र शंका नव्हती, कारण रोज बाहेर पडणाऱ्या दगडांचा ढीग त्यांना वाढताना दिसत होता. वीज दिसत नव्हती, ढीग दिसत होता. २०२२ च्या जानेवारीत मुंबई सिटीच्या पाठीराख्यांपाशी विजय नव्हता, पण असाच काहीसा ढीग होता.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, ११ एप्रिल २०२२ रोजी, रियाधमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवले. या स्पर्धेत सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. विजयी गोल डोक्याने मारणारा राहुल भेके मुंबईचा मुलगा. (आमच्याकडे त्या दिवशी क्रिकेटच्या आयपीएलची चर्चा होती, हे नमूद केले पाहिजे.) गटात मुंबईचा दुसरा क्रमांक आला. पुढल्या हंगामात प्रेक्षक अंधेरीत परतले आणि संघ १८ सामने अजिंक्य राहिला. ११ फेब्रुवारी २०२३ ला फातोर्ड्यात गोव्याला ५-३ हरवून शील्ड निश्चित झाली. वीस सामन्यांत ४६ गुण आणि ५४ गोल. मिझोरामचा छांगते जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे त्या पडत्या काळातच संघात आला होता. या हंगामात त्याने दहा गोल केले आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बिपीन, छांगते, आपुइया, विक्रम प्रताप ही तरुण भारतीय मुले वर्षागणिक सुधारताना दिसली. माझ्या मते लोकांचा भरवसा चषकापेक्षा या गोष्टीने अधिक वाढला. परदेशी खेळाडू पैशाने आणता येतो. कालचा कच्चा मुलगा आज पक्का झालेला दिसला, तर ते श्रेय शिकवणाऱ्याचेच असते.

त्याच वर्षी शाळेच्या सुट्टीत काका मला एका सामन्याला घेऊन गेले होते. पश्चिमेकडच्या सज्जात ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हा पाठीराख्यांचा गट ढोल घेऊन उभा असतो. नव्वद मिनिटे कोणी खाली बसत नाही. माझे लक्ष मैदानाइतकेच त्या लोकांकडे होते. आपल्या बचावपटूने गोलसमोर, अगदी धोक्याच्या जागी, चेंडू शांतपणे जवळच्या सहकाऱ्याला दिला. मला धडकी भरली. माझ्या आजूबाजूला कोणी श्वासही रोखला नाही.

भरवसा माणसावर असतो की पद्धतीवर, याची परीक्षा नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली. हंगामाच्या मध्यावर बकिंगहॅम आपल्या जन्मगावच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेले. डिसेंबरमध्ये चेक प्रशिक्षक पेत्र क्राट्की आले, तेही मेलबर्नहूनच. जानेवारीत ग्रेग स्टुअर्टसारखा मोहरा गेला. तरी एप्रिलमध्ये गोव्याविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात ९० मिनिटांपर्यंत ०-२ मागे असलेल्या या संघाने उरलेल्या काही मिनिटांत तीन गोल करून ३-२ विजय मिळवला, आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून चषक जिंकला. दोन आठवड्यांनी, १८ मे रोजी, ऑक्सफर्डनेही वेम्बलीवर जिंकून वरच्या श्रेणीत प्रवेश मिळवला. गुरू आणि शिष्य वेगळे झाले तरी दोघांचेही भले झाले, असे उदाहरण खेळात विरळा.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील वसाहतीत माळीकाम करतात. ते कधी गुण विचारत नाहीत. मी रात्री किती वाजेपर्यंत दिवा ठेवतो, सकाळची एस. टी. चुकवतो का, एवढेच बघतात. बी. ए. होऊन पुढे काय, असे शेजारी विचारतात, तेव्हा वडिलांपाशी दाखवायला निकाल नसतो. प्राध्यापकांवरचा आणि माझ्यावरचा त्यांचा भरवसा कोणत्या ढिगावर उभा आहे, हे मला या लेखाची टिपणे काढताना प्रथम उमगले.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती वगळली तर अभ्यास खोटा ठरेल. प्रेक्षकांचा भरवसा कितीही पक्का असो, संघ त्यांच्या मालकीचा नसतो. मुंबईच्याच महिंद्र युनायटेडने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. प्रशिक्षक चांगला, संघ चांगला, तरी २०१० मध्ये मालकांनी संघच बंद केला. मुंबई सिटीचेही पुढे सुरळीत राहिले नाही. मार्च २०२५ मध्ये बाद फेरीत बेंगळुरूकडून ०-५ अशी हार झाली, आणि लीगचेच भवितव्य अधांतरी असताना डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप मालकीतून बाहेर पडला. काका त्यावर फार बोलले नाहीत. “आता बघू, कोण येतंय ते,” एवढेच म्हणाले.

या बाबतीत गोव्याच्या धेंपो क्लबकडे बघावे. २००३-०४ मध्ये हा संघ राष्ट्रीय लीगमध्ये दुसरा आला. डिसेंबर २००४ मध्ये फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांचा ब्राझिली खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर, दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन, मैदानावरच कोसळला आणि मरण पावला. अशा धक्क्याने संघ मोडून पडतात. धेंपोने त्याच हंगामात लीग जिंकली. प्रशिक्षक होते आर्मांदो कुलासो, गोव्याचेच. मालकांनी त्यांना वर्षामागून वर्षे काम करू दिले आणि २०१२ पर्यंत राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा धेंपोकडे आले. बकिंगहॅम दोन वर्षे राहिले, कुलासो त्याच्या कितीतरी पट. तरीही २०१५ मध्ये धेंपो खालच्या श्रेणीत घसरला आणि २०१६ मध्ये क्लबने राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. कुलासोंना जीवनगौरवाचा द्रोणाचार्य पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. त्याच हंगामात धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये खेळत होता, आणि त्या संघाचा प्रशिक्षक होता समीर नाईक, कुलासोंच्या विजेत्या संघातला बचावपटू.