व्यावसायिक संपर्कस्थळांची निवड : मराठीच्या अभ्यासकापुढील एक व्यावहारिक प्रश्न

विद्याव्यवहार हा मुळातच परस्परसंपर्कावर उभा असतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करावयास आरंभ केला, तेव्हा ज्यांच्या घरी जुनी दप्तरे पडून होती त्या कुटुंबांशी जोडलेला परिचय हे त्यांचे मोठेच भांडवल होते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि एकेकट्याने चाललेल्या अभ्यासाला एकत्र बसण्याची जागा मिळाली. पत्रव्यवहार, मंडळ आणि नियतकालिक या तीन साधनांनी जे कार्य केले, त्याचा काही भाग आता संगणकीय संपर्कस्थळांकडे आला आहे. वाराणसी, बडोदे किंवा हैदराबाद येथे मराठीचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्या व्यक्तीला तर या स्थळांची गरज अधिकच भासते. तिच्या विषयाचे सहकारी एका इमारतीत नसतात, आणि पुष्कळदा एका राज्यातही नसतात.

परंतु स्थळे अनेक आहेत आणि अभ्यासकाचा वेळ मर्यादित आहे. प्रत्येक ठिकाणी नाव नोंदवावे, तर कोठेच नीट लक्ष देता येत नाही. कोठेच नोंदवू नये, तर केलेले काम कोणाच्या दृष्टीस पडत नाही. यास्तव निवड कशाच्या आधारे करावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार भाषा-साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने केला आहे.

१. संबंधांचे स्वरूप

स्थळाची निवड करण्यापूर्वी आपल्याला कोणत्या प्रकारचा संबंध हवा आहे, हे ठरविणे अगत्याचे आहे. या बाबतीत अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला ‘दुर्बल संबंधांचे बळ’ या आशयाचा निबंध आजही मार्गदर्शक ठरतो. बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावी नव्याने नोकरी मिळविलेल्या व्यावसायिकांना त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : ज्या परिचिताकडून नोकरीची माहिती मिळाली, त्याची भेट किती वेळा होत असे? आठवड्यातून निदान दोनदा भेटणाऱ्याकडून ती मिळाली असे सांगणारे शेकडा १७ च्या आसपास होते. अधूनमधून भेटणाऱ्याचा उल्लेख करणारे सुमारे ५६, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही क्वचित भेटणाऱ्याचा उल्लेख करणारे सुमारे २८ होते.

याची उपपत्ती सरळ आहे. निकटच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. कारण त्यांचे आणि आपले वर्तुळ एकच असते. दूरचा परिचित दुसऱ्या वर्तुळात वावरतो आणि तेथील वार्ता आपल्यापर्यंत आणतो. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक सभासदांच्या संबंधांचे पाच वर्षांचे निरीक्षण मांडले आहे. त्यातून या उपपत्तीला पुष्टी मिळाली, पण एका मर्यादेसह : नोकरीबदलाला सर्वाधिक उपयोग झाला तो अगदी अनोळखी व्यक्तीचा नव्हे, तर काही मोजकेच परिचित समाईक असलेल्या, मध्यम अंतरावरच्या व्यक्तीचा.

हे निष्कर्ष भारतीय विद्यापीठांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. येथे अध्यापकाचे पद जाहिरात, अर्ज आणि निवडसमिती या मार्गाने भरले जाते. संपर्कस्थळावरील ओळखीने ते मिळत नाही. मात्र जाहिरात निघाल्याची वार्ता, चर्चासत्राचे निमंत्रण, प्रकल्पातील तात्पुरते काम, भाषांतराची मागणी, एखाद्या हस्तलिखिताचा ठावठिकाणा या गोष्टी दूरच्या परिचितांकडूनच कानी येतात. अध्यापनाबाहेर भाषांतर, संपादन, कोशरचना किंवा प्रकाशन या क्षेत्रांत जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तर त्यांचे मोल अधिक आहे.

या विवेचनावरून अभ्यासकाला लागणाऱ्या संबंधांचे तीन प्रकार मानता येतील : निकट सहकाऱ्यांशी असलेला दैनंदिन संबंध, दूरच्या परिचितांशी असलेला प्रासंगिक संबंध, आणि अद्याप न भेटलेल्या वाचकाशी असलेला संबंध. कोणतेही एक स्थळ या तिन्ही गरजा सारख्याच भागवू शकत नाही. निवडीतील गोंधळाचे मूळ बहुधा हा भेद लक्षात न घेण्यात असते.

२. प्रमुख स्थळांचे गुणधर्म

निकट सहकाऱ्यांचा संबंध आज प्रामुख्याने व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहांतून चालतो. तो जलद व घरगुती असतो. परंतु समूहातील मजकूर बाहेरच्या कोणाच्या शोधात येत नाही, आणि चार दिवसांपूर्वीची सूचना शुभेच्छांच्या राशीखाली गाडली जाते. तेथे केलेली चर्चा कितीही मोलाची असली, तरी ती विद्याव्यवहाराची नोंद ठरत नाही.

दूरच्या परिचितांसाठी दोन स्थळांचा विचार करावा लागतो. लिंक्डइन हे २००३ साली सुरू झालेले आणि २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीत गेलेले स्थळ मुख्यतः नोकरी-व्यवसायाभोवती रचलेले आहे. प्रकाशनसंस्था, भाषांतरसेवा देणाऱ्या कंपन्या आणि भाषा-तंत्रज्ञानाचे उद्योग तेथे उपस्थित असतात. सूक्ष्म वाङ्मयीन चर्चेला मात्र ते वातावरण फारसे पोषक नाही. फेसबुकवर याच्या उलट स्थिती आढळते. मराठी लेखक-वाचकांचा मोठा वर्ग तेथे असल्याने पुस्तकाविषयीची चर्चा रंगते. परंतु कौटुंबिक, राजकीय आणि व्यावसायिक वर्तुळे तेथे एकमेकांत मिसळतात, आणि खाजगी मताची व्यावसायिक किंमत मोजण्याची पाळी येऊ शकते.

न भेटलेल्या वाचकासाठी म्हणून रिसर्चगेट आणि अकॅडेमिया डॉट एज्यु या दोन स्थळांची नावे पुढे येतात. दोन्ही २००८ साली सुरू झाली आणि दोन्ही खाजगी कंपन्या आहेत. रिसर्चगेटवर विज्ञानशाखांचा वरचष्मा आहे. मानव्यविद्यांचे अभ्यासक दुसऱ्या स्थळावर तुलनेने अधिक आढळतात. अकॅडेमियाच्या नावातील ‘एज्यु’ या प्रत्ययावरून ती एखादी शैक्षणिक संस्था असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. हा प्रत्यय अमेरिकेतील मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांपुरता मर्यादित करण्याचा नियम २००१ साली आला. या स्थळाचे नाव त्यापूर्वीच, १९९९ मध्ये, नोंदले गेले होते.

गूगल स्कॉलर हे २००४ पासून चालू असलेले स्थळ संपर्कापेक्षा शोधाचे साधन आहे. तेथे लेखकाला स्वतःचे पृष्ठ ठेवता येते; परंतु केवळ छापील स्वरूपात निघणाऱ्या मराठी नियतकालिकांतील बहुतेक लेखन त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून तेथील उद्धरणसंख्येवरून मराठी अभ्यासकाच्या कार्याचे मोजमाप करणे अन्यायाचे होईल.

३. स्थळाचे आयुष्य आणि स्वामित्व

खाजगी संपर्कस्थळाचे आयुष्य सभासदाच्या हाती नसते. ऑर्कुट हे स्थळ जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले आणि भारतात अतिशय लोकप्रिय झाले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद करण्यात आले. गूगल प्लस २०११ मध्ये निघाले आणि एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्य वापरासाठी मिटले. ट्विटर ऑक्टोबर २०२२ मध्ये नव्या मालकाकडे गेले व जुलै २०२३ मध्ये त्याचे नावही ‘एक्स’ झाले. त्यानंतर अनेक अभ्यासकांनी मॅस्टोडॉन किंवा ब्लूस्काय यांचा आश्रय घेतला. वर्षानुवर्षे जोडलेला परिचितवर्ग असा उठवून दुसरीकडे नेता येत नाही, हा अनुभव अनेकांच्या पदरी आला.

नियमही बदलत असतात. २०२४ साली लिंक्डइनने अनेक देशांतील सभासदांचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या घडणीसाठी वापरावयास आरंभ केला. ज्यांना हे मान्य नसेल, त्यांनी स्वतः जाऊन ती सोय बंद करावयाची, अशी योजना होती. मौन हीच संमती मानणारी ही रीत सभासदाने ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

लेख चढविण्याचा अधिकार कोणाचा, हा याला लागून येणारा प्रश्न होय. २०१३ च्या अखेरीस एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने अकॅडेमियावरील लेख उतरविण्याच्या नोटिसा मोठ्या संख्येने पाठविल्या. २०१७ साली हीच संस्था आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी रिसर्चगेटविरुद्ध म्युनिक येथे दावा लावला. तो वाद २०२३ मध्ये तडजोडीने मिटला. मराठी नियतकालिकांची स्थिती बहुधा निराळी असते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक हा सामान्यतः आपल्या लेखनाचा प्रथम स्वामी असतो, आणि स्वामित्वाचे हस्तांतर लेखी व स्वाक्षरीयुक्त असावे लागते. आपल्याकडे असा लेख पुष्कळदा केवळ पोस्टाने वा ई-मेलने पाठविलेला असतो, कोणताही करार झालेला नसतो. तथापि इंग्रजी नियतकालिकाच्या करारावर स्वाक्षरी केली असल्यास त्यातील अटी वाचल्याखेरीज लेख चढवू नये. आणि मराठी संपादकाला कळवून चढविणे हा सौजन्याचा भाग आहे.

४. नाव, लिपी आणि शोध

भारतीय भाषांच्या अभ्यासकापुढे आणखी एक अडचण आहे, आणि तिचा विचार क्वचितच होतो. ‘क्षीरसागर’ हे एकच आडनाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. मधले नाव कधी येते, कधी आद्याक्षरापुरते उरते. स्त्री-अभ्यासकांच्या बाबतीत विवाहानंतर आडनाव बदलल्यास आधीचे आणि नंतरचे लेखन दोन वेगळ्या व्यक्तींच्या नावे जमा होते. यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०१२ पासून ‘ऑर्किड’ ही सोळा स्थानांच्या ओळखक्रमांकाची योजना चालू आहे. ती ना-नफा तत्त्वावर चालते, व्यक्तीला विनामूल्य उपलब्ध आहे, आणि एका क्रमांकाखाली नावाची अनेक रूपे नोंदवू देते. ते संपर्कस्थळ नव्हे. परंतु सर्व संपर्कस्थळांवरील विखुरलेली ओळख एका सूत्रात बांधण्याचे काम ते करते.

लिपीचा प्रश्न याहून मूलभूत आहे. युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकांत सिद्ध केलेला मराठी लेख पडद्यावर देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हांची निरर्थक मालिका असते. असा लेख कोणत्याही स्थळावर ठेवला तरी शोधणाऱ्याला सापडत नाही. म्हणून स्थळ निवडण्यापूर्वी लेखनाची प्रत युनिकोडमध्ये आणणे, आणि शीर्षक व सारांश मराठीबरोबर इंग्रजीतही देणे, याचा लाभ स्थळांची संख्या वाढविण्यापेक्षा निश्चितच मोठा आहे.

५. निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून निवडीचा एक क्रम सुचविता येईल. प्रथम स्थान कायमच्या नोंदीला द्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक केले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात ती सर्वांना खुली होते. याच केंद्राची ‘विद्वान’ ही तज्ज्ञसूची आहे. शोधगंगेतील प्रबंध, विद्यापीठाच्या भांडारातील लेख आणि ऑर्किड क्रमांक, एवढी सिद्धता झाली म्हणजे अभ्यासकाचे स्वतःचे घर बांधून झाले.

दुसरे स्थान दूरच्या परिचितांसाठी निवडलेल्या एकाच स्थळाला असावे. भाषांतर, प्रकाशन वा भाषा-तंत्रज्ञानाकडे ओढा असल्यास लिंक्डइन, संशोधनाच्या वाचकाची अपेक्षा असल्यास अकॅडेमिया, असा विवेक करता येईल. या स्थळावर लेखाची एकमेव प्रत कधीही ठेवू नये. तेथे सारांश द्यावा आणि वाचकाला कायमच्या प्रतीकडे वळवावे. तिसरे स्थान निकट समूहांचे होय. ते आपोआपच वाढत असल्यामुळे तेथे निवडीपेक्षा संयमाची गरज अधिक असते. उरलेली स्थळे निःशंकपणे सोडून द्यावीत. वर्षानुवर्षे न उघडलेल्या पृष्ठावरील जुने पद आणि जुना पत्ता हे अनुपस्थितीपेक्षाही अधिक दिशाभूल करतात.

संपर्कस्थळ हा बाजार आहे. तेथे जावे, माणसे भेटावीत, वार्ता आणावी. परंतु बाजार उठला तर आपली पुंजी त्याच्याबरोबर जाऊ नये, ही दक्षता ज्याची त्यानेच घ्यावयाची असते. मराठीसारख्या भाषेच्या अभ्यासात ही दक्षता केवळ वैयक्तिक हिताची नाही. महाराष्ट्राबाहेर राहून केलेले पुष्कळसे काम आधीच थोड्यांच्या नजरेस पडते. ते सापडेल अशा लिपीत, ओळखू येईल अशा नावाने आणि टिकेल अशा ठिकाणी ठेवले, तरच पुढच्या अभ्यासकाला त्यावर उभे राहता येईल.