आधी मोरी, मग खाट

घराच्या कामाचा नकाशा पाठवलास, तो चष्मा लावून नीट बघितला. रंगीत आहे, देखणा आहे. पलंग कुठे, टीव्ही कुठे, आरसा कुठे, सगळं दाखवलंय. पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार, ते मात्र एका रेघेनेसुद्धा दाखवलेलं नाही. पोरा, घर आपलं भाईंदरच्या खारीतलं आहे. इथे पलंग सरकवता येतो, पाण्याची वाट सरकवता येत नाही. म्हणून आत्याचं पहिलं सांगणं: कागद कोरा घे, आधी मोरी काढ, मग खाट.

त्यामागचं गणित तुझे आतोबा प्लंबिंगच्या कामावर पोरांना शिकवायचे, तेच तुला सांगते. संडासाचा पाइप चार इंची. त्याला दर चार फुटाला एक इंच उतार हवा. तुझ्या नकाशात खालचं बाथरूम पुढच्या खोलीत आलंय आणि चेंबर आहे मागच्या गल्लीत. मधे सोळा फूट धर, म्हणजे चार इंच उतार पाइपातच गेला. वर पाइपाची जाडी, नहाणी ट्रॅप, त्यावर कोबा, त्यावर लादी. जमीन खोदून हे सगळं खाली घालायला आपल्याकडे जागा नाही, कारण चेंबरच उथळ आहे. मग मिस्त्री काय करतो? बाथरूमची जमीन उचलतो. दारात सहा-आठ इंचांची पायरी येते. आणि ती पायरी रात्री दोन वाजता चढायची कुणी? तुझ्या आईने, तिच्या त्या गुडघ्यांनी. नकाशात बाथरूम पाच बोटं पुढे सरकलं, त्याची किंमत वहिनी रोज रात्री मोजणार. खालचं बाथरूम आहे तिथेच, मागच्या भिंतीला राहू दे. खोल्या त्याच्याभोवती फिरव.

आता जोत्याचं. मीरा-भाईंदरला 1985 साली नगरपरिषद झाली, 2002 साली महापालिका. तेव्हापासून गल्लीचं काम निघालं की रस्ता थोडा वर चढतो, घराचं जोतं तिथेच राहतं. एके काळी ओटीवर चढायला पायऱ्या होत्या, आता बऱ्याच घरांत रस्त्यावरून सरळ आत पाऊल पडतं, काही ठिकाणी तर उतरावं लागतं. त्यात खाडी जवळ. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की गटाराचं पाणी पुढे सरकत नाही आणि तळमजल्याच्या मोरीतून उलटं वर येतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, ते साल मुंबईच्या आसपास कुणी विसरलेलं नाही. पण तेवढा पाऊस लागतच नाही, साधी अमावास्येची भरती आणि दोन तासांची सर पुरते. तेव्हा घराबाहेर चेंबरच्या आधी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घे, आणि तो उघडून साफ करता येईल असा बसव. लादीखाली गाडलेला व्हॉल्व्ह पहिल्या वर्षानंतर कुणाच्या कामाचा नाही. मैलापाणी कुठे जातं, सेप्टिक टाकीत की पालिकेच्या भुयारी गटारात, हे आधी झाकण उघडून डोळ्यांनी बघ. शेजारी सांगतो त्यावर जाऊ नकोस. टाकी असेल तर तिचं झाकण कुठल्याही खोलीच्या आत येता कामा नये. उपसणारी गाडी नळी टाकणार कुठून?

माझ्या मते या सगळ्यापेक्षा तुझं जास्त लक्ष लागायला हवं ते लोण्याकडे. खायचं नव्हे, भिंतीला लागतं ते. आपलं गाव मिठागरांच्या कडेचं. जमिनीतली ओल विटांमधून वर चढते, सोबत खार आणते. पाणी सुकतं, खार तिथेच राहतो, फुगतो आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. तीन फुटांपर्यंतची पांढरी रेघ तू लहानपणापासून बघतोयस. लोक तिच्यावर पीओपी मारतात, ऑइलपेंट लावतात, हल्ली प्लायचं पॅनेलिंग करतात. ओल कोंडली की ती आणखी वर चढते, एवढाच त्याचा परिणाम. गिलावा त्या रेघेच्या वर फूटभर तरी पूर्ण खरवडून काढ, विटा ब्रशने साफ करून घे आणि भिंत उघडी ठेवून वाळू दे. मग वॉटरप्रूफिंगचं औषध घातलेला नवा गिलावा. हे वाळणं पावसाळ्यात होत नाही. म्हणूनच काम दिवाळीनंतर काढ, मेच्या आत आटप. गिलाव्याच्या आणि कोब्याच्या मालाला बोअरचं मचूळ पाणी वापरू देऊ नकोस. मिस्त्री म्हणेल चालतं. त्याचं चालतं, तो त्या घरात राहणार नसतो.

एवढं करूनही खालच्या खोलीत पलंगाची पाठ आणि कपड्यांचं कपाट बाहेरच्या त्या भिंतीला लावू नकोस. बाथरूमच्या ओल्या भिंतीला तर नाहीच. तुझ्या नकाशात नेमकं तेच आहे, शॉवरच्या मागे सूनबाईचं कपाट. पहिल्याच श्रावणात पैठणीवर बुरशीचे ठिपके दिसतील आणि तेव्हा आत्याचं नाव निघेल. त्या भिंतीला लिहायचं टेबल लाव, खुर्ची ठेव, काहीच न ठेवलंस तरी चालेल.

बाथरूमच्या मापाचं सांगते. राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणी आणि संडास एकत्र असेल तर किमान 2.8 चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे साधारण तीस चौरस फूट, रुंदी चार फुटांच्या आसपास. ते किमान झालं, धडधाकट माणसासाठी. खालचं बाथरूम आईसाठी आहे, तिथे पाच बाय आठ काढ. आत प्लास्टिकचं स्टूल राहिलं पाहिजे आणि आंघोळ घालायला दुसरं माणूस उभं राहिलं पाहिजे. आज लागत नाही, पण आपण हे काम दर पाच वर्षांनी काढणार नाही. दार जुन्यासारखं सव्वादोन फुटी नको, तीन फुटी कर आणि बाहेर उघडणारं कर. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्या अंगानेच अडतं. कडी बाहेरूनही उघडता येणारी घे. धरायचा दांडा कमोडच्या बाजूला हवा आणि तो ड्रिल करून पक्क्या विटेत बसव, टाइलच्या भरवशावर नको. टॉवेल अडकवायचा पाइप हा दांडा नव्हे, त्याला धरून माणसं पडलेली मला ठाऊक आहेत.

कमोड दुकानात बघायला जाण्याआधी घरातला जुना पाइप भिंतीपासून किती लांब आहे ते मोज. जमिनीत जाणारा एस ट्रॅप असेल तर चार इंच, नऊ इंच, बारा इंच अशी मापं मिळतात. भिंतीत जाणारा पी ट्रॅप वेगळा. रंग आणि आकार आवडून आधी विकत घेतला की मग लादी फोडावी लागते. उंचीही बघ, बसायची जागा जमिनीपासून अठरा इंचांच्या आसपास असेल तर गुडघ्यांना बरं पडतं.

लादी चकचकीत नको, खरखरीत हवी, आणि लहान हवी, फूट बाय फूट. चार फुटांची मोठी टाइल दिसते छान, पण तिला नहाणीकडे उतार देता येत नाही, पाणी कोपऱ्यात साचतं. लादी बसायच्या आधी वॉटरप्रूफिंग झालं की नहाणीचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेव. वरच्या मजल्यावर तर हे केल्याशिवाय मिस्त्रीला पुढचा हप्ता देऊ नकोस. चौकट ग्रॅनाइटची कर. लाकडी चौकट खालून कुजते, आणि आपल्या हवेत जरा लवकरच कुजते. पाइप सगळे बदल. जुने लोखंडी आतून गंजून निम्मे बुजलेत, नळाला धार नाही ती त्यामुळे. गरम पाण्याला सीपीव्हीसी.

वरच्या मजल्यावरचं बाथरूम खालच्या बाथरूमच्या बरोबर डोक्यावर आलं पाहिजे. तू ते स्वयंपाकघरावर काढलंयस. गळायला लागलं तर कशावर गळेल, याचा विचार केलास? शिवाय एकावर एक असलं की पाइप सरळ खाली उतरतो, भिंतीभिंतीतून वळसे घेत नाही. छतावरचा तो मोठा पावसासारखा शॉवर सूनबाईला आवडलाय, मला कळलं. पण टाकी गच्चीवर, डोक्यापासून आठ-दहा फुटांवर. तेवढ्या दाबात तो शॉवर ठिबकतो. प्रेशर पंप लावायची तयारी असेल तर घ्या, नाहीतर हँडशॉवर, नळ आणि बादली. पिंपाला जागा ठेव. नळाला चोवीस तास पाणी येतं असं समजून केलेला नकाशा आपल्या गावाचा नव्हे.

गिझरचा स्विच बाहेर, 16 अँपिअरचा, अर्थिंग आणि आरसीसीबी असलेला. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये लावू नकोस, कुणी कितीही स्वस्त म्हणो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध होतो. एग्झॉस्ट पंखा आणि बाहेर उघडणारी खिडकी दोन्ही हवीत.

आता खाट. तुझी खोली दहा बाय दहा. त्यात तू सहा बाय साडेसहाचा पलंग टाकलायस आणि पायथ्याशी दोन फूट खोल कपाट. साडेसहा अधिक दोन, साडेआठ. उरला दीड फूट. कपाटाचं दार उघडायलाच दीड फूट लागतो, म्हणजे कपाट उघडताना माणूस पलंगावर उभा राहणार. पाच फुटी पलंग घे, कपाट बाजूच्या भिंतीला घे. पाच आणि दोन सात, तीन फूट उरतात. दोन माणसं झोपतात त्या पलंगाला दोन्ही बाजूंनी उतरता आलं पाहिजे, निदान रात्री उठणाऱ्याच्या बाजूला पायवाट हवी. जमिनीवर खडूने पलंग, कपाट, दारं आखून एक दिवस त्यातून फिरा. फुकटचा उपाय आहे, कुणी करत नाही. पलंगाजवळ दुतर्फा स्विच ठेव, आणि आईच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत पायाजवळ मंद दिवा.

वास्तूचं विचारशील. ईशान्येला संडास नको, हे जमलं तर पाळू. डोकं दक्षिणेला करून झोपायचं, तेही पाळू, त्याला पैसे पडत नाहीत. पण गटार जिथे आहे तिथेच आहे. त्यासाठी पाइप घराला प्रदक्षिणा घालायला लावणारा सल्लागार आला तर त्याला चहा पाजून पाठव.

आणि मागचं न्हाणीघर पाडू नकोस. नकाशात तिथे तू कुंड्या दाखवल्यास. काम चालू असताना तुम्ही आंघोळ कुठे करणार? नंतरही गणपतीला, हळदीला घर भरतं, तेव्हा पन्नास माणसं आईच्या खोलीजवळच्या एका बाथरूमवर लोटणार का? मासळी धुवायला, मयताहून आल्यावर अंगावर पाणी घ्यायला मागची मोरी लागतेच. तिला नवी लादी, एक बल्ब आणि इंडियन संडास ठेव, पुरे.

भिंती पाडण्याआधी इंजिनिअर आण, ठेकेदाराच्या बोटावर जाऊ नकोस. खालचं जुनं घर भिंतींवर उभं आहे, खांबांवर नाही, आणि तू पाडायला काढलेल्या मधल्या भिंतीवर वरची खोली बसलीय. बाहेरचा आकार बदलणार असशील तर प्रभाग कार्यालयात लेखी विचारून घे.

पैसे कमी पडतील, पडतातच. तेव्हा फॉल्स सीलिंग काप, एलईडी पट्ट्या काप, आयात केलेला नळ काप, पलंगाचं मखमली डोकं काप. वॉटरप्रूफिंग, पाइप आणि वायर यांच्यातला रुपया कापू नकोस. टाइल लागण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढ आणि ते फोटो सूनबाईच्याही मोबाइलमध्ये टाक. पुढे खिळा ठोकायची वेळ आली की पाइप कुठे आहे ते तिलाच शोधायचं असतं, तू तेव्हा लोकलमध्ये असतोस.