जमावबंदी आहे, धरणे धरायचे की नाही?

प्रश्न : पाण्यासाठी तहसीलसमोर शांततेत धरणे धरायचे आहे. जमावबंदी आहे म्हणून पोलिसांनी तोंडीच नकार दिला. गप्प बसायचे का?

उत्तर : मुळीच नाही. शांततेने, निःशस्त्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ने दिला आहे. अर्ज लेखी द्या, स्थळप्रतीवर आवक शिक्का घ्या, नकाराची कारणेही लेखीच मागा. जमावबंदीच्या आदेशाची प्रत मागा. असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात बजावले. त्याच वर्षी माजलगावात नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या धरण्याला परवानगी नाकारली गेली. औरंगाबाद खंडपीठाने तो नकार आणि जमावबंदीचा आदेश दोन्ही रद्द केले, आणि एका कायद्याला विरोध केला म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही, असे ठणकावले. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. अर्जाला जोडाच. रस्ता मात्र मोकळा ठेवा. तो अडवला तर गुन्हा दाखल होऊ शकतो.