आपल्या माणसांसाठी चित्रपट निवडताना

अभ्यासासाठी शास्त्रभाग : २ शमुवेल ११:६-११, १२:१-१५, २४-२५, १ करिंथ १०:२३-२४



नाताळची सुटी असो, घरातील लग्नकार्य असो की वाढदिवस, चार माणसे एकत्र जमली आणि जेवणे आटोपली की कोणीतरी म्हणतेच, "चला, सगळे मिळून एखादा चित्रपट पाहू या." मग घरातील जाणकार पुढे सरसावतो आणि आपल्या आवडीचे नाव सुचवतो. यात वावगे काही नाही. जे आपल्याला भावले ते आपल्या माणसांनाही दाखवावे, ही इच्छा प्रेमातूनच उपजते. परंतु 'मला आवडलेला चित्रपट' आणि 'मी माझ्या माणसांना द्यावा असा चित्रपट' ही एकच गोष्ट आहे काय? या प्रश्नाचा विचार आज आपण करू या. हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. एका चुकीतून सुचला आहे. म्हणून आरंभ त्या चुकीपासूनच करतो.

माझी चूक

आम्ही रायपूरला राहतो. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात मराठी कुटुंबे येत राहिली. त्यांपैकीच आमचे एक. आईची मराठी वऱ्हाडी वळणाची, मुलांच्या तोंडी हिंदी आणि शेजारीपाजारी छत्तीसगढी. माझा व्यवसाय पवित्र शास्त्राच्या भाषांतराचा.

२००५ सालच्या दुःखसहन सप्ताहात मी घरच्या सर्वांना मेल गिब्सन यांचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' हा २००४ सालचा चित्रपट दाखवला. तो मला अतिशय आवडला होता. त्याचे कारणही सांगतो. त्यातील संवाद अरामी, इब्री व लॅटिन भाषांत आहेत. ज्या भाषा मी वर्षानुवर्षे केवळ कागदावर वाचल्या होत्या, त्या कानांनी ऐकताना मी हरखून गेलो होतो.

त्या संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाचा नऊ वर्षांचा मुलगाही आमच्यात बसला होता. फटक्यांचा प्रसंग सुरू झाला तेव्हा त्याने डोळे झाकले. थोड्या वेळाने तो उठून स्वयंपाकघरात आजीजवळ गेला. मी मात्र अरामी शब्द टिपण्यात गुंग होतो. रात्री अंथरुणावर त्याने मला विचारले, "काका, त्याला इतके मारत होते, तेव्हा त्याचे बाबा का आले नाहीत?" मी काय करावे? मी त्याला प्रायश्चित्ताचा सिद्धान्त समजावू लागलो! त्या उत्तम शुक्रवारी मुलाच्या पोटात दुखू लागले आणि तो उपासनेला आला नाही. पुढल्या वर्षीही त्याच दिवशी त्याचे पोट दुखले, आणि त्याच्या पुढल्या वर्षीही. खरे कारण त्याने मला मोठा झाल्यावर सांगितले.

दोष चित्रपटाचा नव्हता. तो प्रौढांसाठी होता. अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून तो पाहण्याची मुभा नव्हती. दोष निवडणाऱ्याचा होता. मी माझ्या कानांसाठी चित्रपट निवडला होता आणि तो एका मुलाच्या डोळ्यांपुढे ठेवला होता.

नाथानाने कथा कशी निवडली?

दुसऱ्याला कथा देणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ पवित्र शास्त्रात नाथान संदेष्ट्याच्या वृत्तांतात सापडतो. दावीद राजाने उरीयाची पत्नी घेतली व उरीयाला युद्धात मारवले. त्यानंतर नाथान राजापुढे जातो आणि एक कथा सांगतो : एका नगरात दोन माणसे, एक श्रीमंत व एक गरीब. गरिबाजवळ एकच कोकरी. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने आपली मेंढरे राखली व गरिबाची ती कोकरी कापली.

नाथानाला दुसऱ्याही अनेक कथा ठाऊक असणार. मग हीच का निवडली? एक तर ऐकणारा मनुष्य मूळचा मेंढपाळ होता. कोकराला छातीशी धरणे काय असते, हे दावीदाला राजवाड्यात येण्यापूर्वीपासून माहीत होते. दुसरी गोष्ट मूळ इब्री भाषेत अधिक स्पष्ट दिसते. ती कोकरी मालकाच्या घासातले खाई, त्याच्या पेल्यातले पिई आणि त्याच्या उराशी निजे, असे वर्णन आहे. खाणे, पिणे, निजणे ही तीन क्रियापदे आपण आधीच्याच अध्यायात ऐकलेली आहेत. सहकारी रणांगणात असता मी घरी जाऊन खाऊ, पिऊ व पत्नीजवळ निजू काय, असे उरीयाने याच दावीदाला विचारले होते. शिवाय ती कोकरी त्या माणसाला मुलीसारखी होती असे म्हटले आहे. 'मुलगी' याचा इब्री शब्द 'बथ', आणि बथशेबा या नावाचा आरंभही त्याच शब्दाने होतो. कथा ऐकणाऱ्याच्या मापाने इतकी नेमकी बेतलेली होती.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्या. कथा सांगताना नाथान मध्येच थांबून तात्पर्य सांगत नाही. राजाचा संताप अनावर होईपर्यंत तो वाट पाहतो. आणि कथा सांगून, दोष दाखवून तो कायमचा निघून जात नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी, दावीदाला पुत्र झाल्यावर, परमेश्वराने त्या बाळाला दिलेले यदीद्या हे प्रेमाचे नाव घेऊन येणाराही नाथानच आहे. कथा देणारा ऐकणाऱ्याच्या सोबत राहिला. मी मात्र चित्रपट संपल्यावर शब्दकोश उघडून बसलो होतो.

घर बांधणारी निवड

करिंथच्या मंडळीत मूर्तींना वाहिलेल्या मांसाविषयी वाद होता. पौलाच्या उत्तराचा आशय असा, की एखादी गोष्ट करण्याची मोकळीक असली तरी तेवढ्याने ती हितकारक ठरत नाही, आणि प्रत्येकाने स्वतःच्या नव्हे तर दुसऱ्याच्या हिताकडे पाहावे. तेथे मराठी भाषांतरात 'उन्नती' हा शब्द येतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ मात्र 'घर बांधणे' असा आहे. हा अर्थ आपल्या विषयाला फार जवळचा आहे. चित्रपट चांगला की वाईट, बोधपर की करमणुकीचा, हे प्रश्न आपण नेहमी विचारतो. त्यांच्या जोडीला हाही प्रश्न विचारावा : आज माझ्या घरात जे बसले आहेत, त्यांचे घर याने बांधले जाईल काय? एकाच चित्रपटाने एकाचे घर बांधले जाते आणि दुसऱ्याच्या भिंतीला तडा जातो. 'द पॅशन' पाहून माझ्या आईने हात जोडले होते. तोच पाहून पुतण्या घाबरला होता.

एका मराठी दाम्पत्याचा दाखला

भारतीय चित्रपटाच्या उगमाशीच असे एकत्र पाहणे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत गिरगावातील 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस' येथे ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकात त्यांनी या अनुभवाविषयी लिहिले. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम व कृष्ण उभे राहू लागले होते. तो मूकपट त्यांनी एकट्यापुरता ठेवला नाही. पत्नी सरस्वतीबाई यांना घेऊन ते पुन्हा गेले आणि आपल्या मनात काय चालले आहे हे त्यांना सांगितले. १९१२ मध्ये फाळके लंडनला जाऊन तंत्र शिकून आले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्यामागे सरस्वतीबाईंचे कष्ट होते. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सारे त्यांनी केले.

यातून मला दोन गोष्टी शिकायला मिळतात. पहिली ही, की शेजारी बसवून दाखवलेला आणि मन उघडून सांगितलेला चित्रपट पाहणाऱ्याला आपला सहकारी करू शकतो. दुसरी, काहीशी नम्र करणारी. ख्रिस्तावरील चित्रपट पाहून फाळक्यांच्या मनात स्वतःच्या परंपरेतील कथा जाग्या झाल्या. पाहणारा काय घेऊन उठेल, हे दाखवणाऱ्याच्या हाती नसते. मित्राला चित्रपट दाखवून त्याच्याकडून ठराविक उत्तर वसूल करू पाहणे हे प्रेम नव्हे. आपण द्यावे व सोबत राहावे. पुढचे देवावर सोपवावे.

'श्वास' आणि शेजारचे बबा

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत पुन्हा चित्रपटाची गोष्ट निघाली. माझ्या मनात संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) होता. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटाला मिळाले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीकडे आणला तो 'श्वास'ने. कोकणातील एक आजोबा डोळ्यांच्या कर्करोगाने ग्रासलेल्या नातवाला शहरात आणतात. प्राण वाचवायचा तर दृष्टी जाणार, हे कळल्यावर शस्त्रक्रियेपूर्वी उरलेल्या वेळात त्याला जग दाखवावे म्हणून ते त्याला रुग्णालयातून बाहेर घेऊन जातात. चित्रपट जेमतेम पावणेदोन तासांचा. शब्द थोडे, चेहरे बोलके. आमच्या तीन भाषांच्या घराला तो सोयीचा होता.

पण शेजारचे वृद्ध गृहस्थ दरवर्षी आमच्यात असतात. आम्ही सारे त्यांना 'बबा' म्हणतो. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू चालली होती. या वेळी मी आधी त्यांच्याकडे गेलो, कथा सांगितली आणि विचारले, "बबा, हा लावू की दुसरा बघू?" ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी निरोप धाडला : लावा, पण मला पडद्याच्या जवळ बसवा.

त्या संध्याकाळी माझा पुतण्या, आता चांगला तरुण झालेला, आपणहून बबांच्या शेजारी जाऊन बसला आणि मराठी संवाद त्यांच्या कानात छत्तीसगढीतून सांगू लागला. मी आयुष्यभर भाषांतर केले, पण इतके नेमके क्वचितच. चित्रपट संपल्यावर कोणी दिवा लावला नाही. बऱ्याच वेळाने बबा म्हणाले, "डोळे आहेत तोवर गावचे तळे एकदा पाहून येऊ." पुढच्या रविवारी उपासनेनंतर आम्ही तिघे गेलो. बबा तळ्याच्या पायरीवर बसून राहिले. परतताना पुतण्याने मला हळूच सांगितले, की लहानपणी त्या रात्री त्याला उत्तर नको होते. त्याला कोणीतरी जवळ हवे होते.

बबांची दृष्टी परत आलेली नाही. चित्रपटाने रोग बरा होत नाही. परंतु त्या दिवसापासून ते आपल्या अंधाराविषयी मोकळेपणाने बोलू लागले.

निवडण्यापूर्वी

१. प्रथम माणसे पाहा, मग चित्रपट. कोण बसणार आहे, कोणाच्या घरी नुकतेच दुःख झाले आहे, लहान मूल आहे काय, हे आठवा.

२. पूर्वी पाहिलेला असला तरी तो एकदा एकट्याने पुन्हा पाहा, आणि या खेपेला पाहुण्यांच्या डोळ्यांनी पाहा. प्रमाणपत्राकडेही लक्ष द्या. २०२४ च्या नियमांनुसार 'यूए' या वर्गाचे ७, १३ व १६ वर्षांवरील असे तीन भाग केले आहेत.

३. भाषेचा विचार करा. ज्याला भाषा कळत नाही तो त्या संध्याकाळी परका राहतो. आमच्याकडे छत्तीसगढी मित्र अधिक असतील तर मी मनु नायक यांचा 'कहि देबे संदेस' हा १९६५ सालचा पहिला छत्तीसगढी चित्रपट सुचवतो. जातिभेदाचा त्याचा विषय आजही जुना झालेला नाही.

४. विषय कोणाच्या जखमेला स्पर्श करणारा असेल तर आधी त्याला एकांतात विचारा, आणि त्याने नकार दिला तर कारण विचारू नका.

५. चित्रपट संपताच प्रवचन करू नका. चहा ठेवा, बसून राहा. प्रश्न आला तर उत्तराची घाई नको.

मनन व चर्चेसाठी

१. आपला सर्वांत आवडता चित्रपट कोणता? तो आपल्या घरातील कोणाला दाखवणे योग्य ठरणार नाही, आणि का?

२. दावीदाच्या जागी दुसरा श्रोता असता, तर नाथानाने कोणती कथा निवडली असती असे आपल्याला वाटते?

३. आपण दाखवलेल्या, सांगितलेल्या वा वाचायला दिलेल्या एखाद्या गोष्टीने कोणी दुखावले गेले आहे काय? त्या व्यक्तीशी या आठवड्यात बोलता येईल काय? मला वीस वर्षांच्या आसपास उशीर झाला. आपल्याला तेवढा होऊ नये.