हिमालयात बर्फ, मुरबाडला मळभ

माळशेज, हरिश्चंद्रगड, आजोबा, सिद्धगड, माहुली अशा डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात आमचे मुरबाड आणि शहापूर तालुके वसले आहेत. पावसाळ्यात आभाळाकडे सगळेच बघतात. माझं लक्ष त्याआधीच्या दिवसांवर, माघ उतरणीला लागल्यापासून चैत्रापर्यंतच्या आभाळावर जास्त असतं. त्या दिवसांतले अंदाज मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. वाचता वाचता जे उमगलं ते इथे मांडते. तुमच्या गावाचं आभाळ वेगळं असेल, तुमचं उमगणंही वेगळं असेल.

१. आमच्या अंगणातल्या मळभाची चाहूल आधी काश्मीरमध्ये लागते. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. गुलमर्गला ताजा बर्फ पडला, जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद झाला, या बातम्या मला पर्यटकांच्या वाटायच्या. आता फेब्रुवारीत मी त्याच आधी वाचते. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात उंचावरच्या वेगवान वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयाला धडकतात. डोंगरांवर बर्फ पडतो, पंजाबात पाऊस होतो. त्यांचा प्रभाव दक्षिणेपर्यंत लांबला आणि त्याच सुमाराला अरबी समुद्रावरून दमट वारं आत शिरलं, तर सह्याद्रीच्या कडेला ढग जमू लागतात. झंझावात पुढे सरकला की मागून उत्तरेचं कोरडं गार वारं सुटतं आणि पेटीत ठेवलेली गोधडी पहाटे पुन्हा बाहेर निघते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीने महाराष्ट्राला झोडपलं, तेही अशाच घडणीतून. आमच्याकडे गारा क्वचित पडतात. घाट चढून वर गेलं की त्यांची धास्ती खरी वाटू लागते.

२. जिल्ह्याचा अंदाज गावापर्यंत येता येता पातळ होतो. ठाणे जिल्हा म्हणजे खाडीकाठच्या इमारतींपासून माळशेजच्या कड्यापर्यंतचा मुलूख. २०१४ साली पालघर वेगळा झाला तरी या दोन टोकांमधलं अंतर काही कमी झालं नाही. ‘ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ या ओळीचा अर्थ लावायला मला बराच काळ लागला. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव ठिकाणी. ते पाव कोणतं, हे त्या ओळीत नसतं. उत्तराखंडचे अंदाज वाचताना मला याच गोष्टीचा हेवा वाटला. तिथे अमुक मीटर उंचीच्या वर बर्फ, खाली पाऊस, असं उंचीनुसार सांगतात, कारण डोंगरात उंची बदलली की हवामानच बदलतं. आमच्याकडेही टोकावड्याच्या पुढे, कड्याच्या पायथ्याला दुपारी ढग अडतो आणि मुरबाड बाजारपेठेत लख्ख ऊन असतं. ‘महावेध’ या हवामान प्रकल्पामुळे आता महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आली आहेत. झालेला पाऊस त्यामुळे गावाच्या बराच जवळ मोजला जातो. होणारा पाऊस तितक्याच जवळून सांगितला जावा, एवढीच इच्छा आहे.

३. एकाच ढगाखाली सगळ्यांची काळजी वेगळी असते. ही गोष्ट मी पुस्तकातून शिकले नाही, उंबऱ्याबाहेर पडून शिकले. दोन दिवस आभाळ भरून राहिलं की आंबेवाला मोहोराकडे बघतो. दमट हवेत तुडतुडे वाढतात, भुरी पसरते आणि केलेली फवारणी पुन्हा करावी लागते. वालाच्या शेंगा काढून खळ्यावर पसरलेल्या असतील तर त्या गोळा करायची घाई होते. ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर मोहाची फुलं पहाटे वेचतात, ऊन चढायच्या आत, आणि मग ती कडक वाळवावी लागतात. दोन दिवस ऊन मिळालं नाही तर ती काळी पडतात, आंबतात. गवताच्या वखारींत मुंबईच्या तबेल्यांकडे जायच्या गासड्या उघड्यावर रचलेल्या असतात. भिजलेल्या गवताला व्यापारी भाव देत नाही, जनावरं तोंड लावत नाहीत.

उन्हाळी भेंडीवाल्याचं थोडं वेगळं. हलकी सर आली तर एक पाणी वाचलं म्हणून तो मनातून सुखावतो, पण रोगाच्या भीतीने तसं बोलून दाखवत नाही.

सगळ्यात जास्त हलतात त्या वीटभट्ट्या. मोकळ्या रानात कच्च्या विटांच्या रांगा वाळत असतात. माती मळणं, साच्यात थापणं, उलटवणं हे सगळं कुटुंबाने केलेलं काम. दिवाळीनंतर मालकाकडून उचल घेऊन घरदार मागे ठेवून आलेली माणसं हजार विटांमागे ठरलेल्या दराने ते करतात. अर्धा तास जोराची सर आली की ती वीट पुन्हा माती होते. विरघळलेली वीट अनेक ठिकाणी मोजणीत धरत नाहीत. ‘अवकाळीमुळे शेतीचं नुकसान’ ही बातमी छापून येते, पंचनामे होतात, व्हायलाच हवेत. थापलेल्या विटेचा पंचनामा झालेला मी अजून पाहिलेला नाही. हे लिहिताना मला संताप येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

४. उष्णतेची रेघ कुठे ओढायची हे ठिकाणावर ठरतं. किनाऱ्याच्या भागात ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट, मैदानी भागात तीच रेघ ४० अंशांवर. आमचा जिल्हा कोकणातला, पण आमच्यापर्यंत समुद्राचा वारा पोचतो तो दमून, दिवस कलल्यावर. सकाळी पूर्वेकडून घाट उतरून येणारी कोरडी हवा तर उतरतानाच तापते, हजार मीटरला जवळजवळ दहा अंश. म्हणून फाल्गुनात पहाटे शाल आणि दुपारी डोक्यावर ओला टॉवेल, असा एकाच दिवसात दोन ऋतूंचा मुक्काम असतो.

५. ज्या आठवड्यांत हिमालयातल्या नद्या भरू लागतात, त्याच आठवड्यांत आमच्या आटतात. वसंतात वरचा बर्फ वितळतो आणि पावसाशिवायही खोऱ्यांना पाणी मिळतं. सह्याद्रीच्या माथ्यावर असं काही साठून राहत नाही. ऑक्टोबरात पाऊस गेला की काळू असो, शाई असो, दिवसेंदिवस बारीक होत जाते. आमचा साठा म्हणजे धरणं. तानसा १८९२चं, भातसा त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेलं, दोन्ही शहापूर तालुक्यातली. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर आणि त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. मार्चपासून त्या तलावांची पातळी वर्तमानपत्रात येऊ लागते, मुंबईत कपात होणार का याची चर्चा सुरू होते. त्याच दिवसांत कसारा, डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांवर टँकरच्या खेपा ठरत असतात. पाणलोट आमचा, बुडालेली जमीन आमची आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरणाऱ्या बायाही आमच्याच. मुंबईला पाणी नको असं मी कधी म्हणणार नाही, माझीही माणसं तिथे राहतात. पण धरणाच्या भिंतीपासून काही कोसांवरच्या पाड्याला नळ का नाही, हा प्रश्न मला दर चैत्रात नव्याने टोचतो.

६. आमच्या भाताचा अंदाज बांधायला बर्फापासून सुरुवात झाली. हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं आणि पाठोपाठ १८७६ ते ७८चा भीषण दुष्काळ आला. पाऊस कसा होईल हे आधी सांगता येईल का, असा प्रश्न खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी उत्तर हिमालयात शोधलं. हिवाळ्यात आणि वसंतात तिथे बर्फ फार साठला तर पुढचा मोसमी पाऊस कमी, असा संबंध त्यांनी १८८४ साली मांडला आणि ४ जून १८८६ला त्या आधारावर देशाचा पहिला नियमित दीर्घ मुदतीचा अंदाज निघाला. मागचं कारण समजायला सोपं आहे. पांढरा बर्फ ऊन परतवतो, उरलेली उष्णता तो वितळवण्यात खर्च होते, जमीन उशिरा तापते आणि समुद्रावरून वारं खेचायला हवी तेवढी ओढ तयार होत नाही. पुढे खात्याचेच एक प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी ही नजर प्रशांत महासागरापर्यंत नेली. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात.

एप्रिलच्या मध्याला जाहीर होणाऱ्या अंदाजात जानेवारी ते मार्चमधल्या उत्तर गोलार्धातल्या बर्फाचा उल्लेख आजही असतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी बर्फ कमी होता, अंदाज सरासरीपेक्षा जास्त पावसाचा होता आणि दोन्ही वर्षी देशात १०८ टक्के पाऊस झाला. मला याचा मनापासून अभिमान वाटतो. तरी आमच्या खाचरात उभं राहून मी दुसरंही पाहिलं. भाताच्या रोपांच्या राबासाठी फेब्रुवारीपासून कवळ तोडायची, शेण-पालापाचोळ्याचे थर लावायचे, वरून माती टाकायची आणि पावसाआधी भाजून घ्यायचं. २०२५च्या मे महिन्यातच पाऊस बसला. २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचलादेखील, आजवरच्या नोंदींत सगळ्यात लवकर. आमच्या भागात कितीतरी राब ओलेच राहिले. देशभराची टक्केवारी बरोबर आली होती. शेतकऱ्याला हवा होता तो मेमधल्या चार कोरड्या दिवसांचा हिशेब.

७. इशारा निघणं आणि इशारा पोचणं या दोन वेगळ्या घटना आहेत. २०२५च्या फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा माझ्या मनातून जात नाही. इकडे मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता, फेब्रुवारीतच. तिकडे उत्तराखंडात जोरदार बर्फ पडत होता. संरक्षण संशोधन संस्थेच्या चंडीगडच्या केंद्राने २७ तारखेला संध्याकाळी चमोलीसह काही जिल्ह्यांत उंचावरच्या भागासाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. २८च्या सकाळी बद्रीनाथजवळ माणा इथे रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांच्या तळावर बर्फाचा लोट आला. ५४ जण सापडले, जवानांनी बर्फ उपसून ४६ जणांना वाचवलं, आठ जण गेले. कुणाचं काय राहून गेलं याचा निवाडा मी इथे बसून करणार नाही. पण ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या भट्ट्यांवरच्या झोपड्या आल्या. विटा रचून उभ्या केलेल्या भिंती, वर पेंढा आणि प्लास्टिक, आसपास एकही उंच निवारा नाही, आणि चैत्रात संध्याकाळी वीज कडाडली की मुलांना घेऊन बाया जवळच्या झाडाखाली धावतात. विजेच्या वेळी झाडाखाली जाऊ नका, हे शहाणपण सांगायचं, तर मग जायचं कुठे हेही सांगायला हवं.

विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ हे अ‍ॅप पुण्यातल्या हवामान संशोधन संस्थेने तयार केलं आहे. मुंबईत कुलाब्याच्या रडारच्या जोडीला वेरावलीचं रडार आलं आहे, पुढच्या तीन तासांचे इशारे त्यावरून निघतात. भट्टीवर बऱ्याचदा स्मार्टफोन एखादाच, तो मुकादमाच्या खिशात. मी तिथल्या एका बाईला विचारलं, अंदाज कसा कळवला तर उपयोग होईल. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “ताई, पाऊस येणार एवढं नका सांगू. दुपारी येतो का रातचा, तेवढं सांगा. दुपारचा असला तर आमी विटा झाकतो, रातचा असला तर पोरं घेऊन शाळेत जातो.”

शाळेची किल्ली गावातच असते, हे तेव्हा समजलं. ती रात्री कुणाकडे असते आणि कोणत्या भट्टीवर कुणाचा फोन चालू असतो, याची यादी या होळीआधी पुरी करायची आहे. शहापूरच्या बाजूच्या भट्ट्या अजून राहिल्या आहेत.