यंत्राची हांक आणि हृदयाची ओ

ज्याचें हृदय फार मंद चालतें त्याच्या छातींत पेसमेकर बसवितात. असें यंत्र प्रथम १९५८ सालीं स्टॉकहोम येथें शरीरांत बसविलें गेलें. त्याचा विजेचा ठोका हृदयाच्या आलेखावर बारीक उभ्या रेघेनें उमटतो. रेघ दिसली म्हणजे हृदय चाललें, असें पुष्कळांस वाटतें. तसें नव्हे! रेघ ही केवळ यंत्राची हांक. हृदयानें ओ दिली कीं नाहीं, हें तिच्या लगेच मागून येणाऱ्या लाटेवरून कळतें. खालच्या कप्प्यास ठोका दिला असतां ही लाट रुंद असते, कारण वीज नेहमींची वाट सोडून स्नायूंतून सावकाश पसरते. रेघांमागून लाटा येत नसतील, तर तारेचें टोक सरकलें असेल. रोग्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. लाटा वेळेवर असून रेघच नसेल, तर भिऊं नये. हृदय आपण होऊन नीट चालत असतां यंत्र मुकाट्यानें थांबतें.